समन्स कुणाच्या हातात द्यायचं

कोल्हापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा सीपीआर हॉस्पिटलसमोर चहा पिताना तू जे बोललीस ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. फोन करता आला असता. पण छत्तीस वर्षं मी लोकांच्या दारात कागदच नेऊन दिले, त्यामुळे महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते कागदावरच उतरवावंसं वाटतं.

तू म्हणालीस, "काका, पुस्तकात सगळं छान आहे, पण बाहेर कोण मानतंय? कायदा शेवटी कागदावरच." वकिलीची सनद मिळून तुला जेमतेम दोन महिने झालेत. स्वतःचं म्हणावं असं पहिलं काम त्या मावशींच्या हक्कसोडपत्राचं, म्हणजे माहेरच्या मिळकतीतला वाटा सोडून दिल्याच्या कागदाचं आलं, आणि "सही झालीय, आता काही होत नाही" असं कुणीतरी तुला सांगून टाकलं. त्या हताशपणातून तू बोललीस हे मला कळतं. मावशींच्या कामाकडे येतोच. आधी तुझ्या त्या वाक्याबद्दल बोलतो, कारण ते वाक्य एकदा जिभेवर बसलं की वकिलाचा हात सैल पडतो.

मी १९७८ साली कोर्टात शिपाई म्हणून लागलो. बेलिफ, म्हणजे कोर्टाचे कागद बजावणारा, पुढे झालो. पहिल्या वर्षी निवृत्तीला आलेल्या एका बेलिफांबरोबर त्यांची पिशवी सांभाळत करवीर तालुक्यात हिंडायचो. सायकल, कधी एसटी, पावसाळ्यात पायी. एकदा भोगावतीकाठच्या एका गावात दिवाणी दाव्याचं समन्स घेऊन गेलो. प्रतिवादी मुंबईला गिरणीत, गावाकडे कधी येईल याचा नेम नाही. दारात त्याची बायको उभी. आमचे बेलिफ म्हणाले, "घरात पुरुष माणूस कोण आहे?" ती म्हणाली, "कोण न्हाई. मी हाय की." आम्ही परत फिरलो. दहा-बारा दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला निघताना नाझरसाहेबांनी, म्हणजे आम्हा बेलिफांच्या वरच्या साहेबांनी, अडवलं आणि दुरुस्ती झालेलं पान पुढं ठेवलं. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्यात लिहिलं होतं की प्रतिवादी घरी नसेल तर समन्स कुटुंबातल्या सज्ञान पुरुषाला द्यावं. १९७६ च्या दुरुस्तीनं ते बदललं आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झालं: कुटुंबातली कोणतीही सज्ञान व्यक्ती, पुरुष असो वा स्त्री. म्हणजे आम्ही दोनदा रिकाम्या हातानं परतलो ते, कायदा बदलून वर्ष उलटलं तरी बदल आमच्या पिशवीपर्यंत पोचला नव्हता म्हणून.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बेलिफांनी तिच्या हातात समन्स दिलं आणि नाव विचारलं. तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. बेलिफ म्हणाले, "त्यांचं नको. तुमचं." शेजारची एक म्हातारी हसली. तिनं पदर सारखा केला आणि नाव सांगितलं. अंगठा उमटवला. मग कागद दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "ह्यो माझ्याकडं द्यायचा असतोय व्हय?" त्या बाईनं पुढं काय केलं, दाव्याचं काय झालं, मला आठवत नाही. ती कशी उभी होती ते मात्र आज सत्तरीतही डोळ्यापुढं आहे. सत्तर वर्षं एका शब्दानं तिला तिच्याच घरात हिशेबाबाहेर ठेवलं होतं. दुसऱ्या एका शब्दानं तिला आत घेतलं.

आता तुला माहीत असायला हवी अशी गोष्ट. फौजदारी समन्स बहुधा पोलीस बजावतात. १९७३ च्या फौजदारी संहितेच्या कलम ६४ मध्ये 'सज्ञान पुरुष' हेच शब्द होते, आणि तिथून ते हलले नाहीत. देशभर पंचायतींत बायकांना आरक्षण १९९३ मध्ये आलं, महाराष्ट्रात २०११ मध्ये निम्म्या जागा झाल्या. गावचा कारभार पाहणाऱ्या, चेकवर सही करणाऱ्या सरपंचबाईला घरी आलेलं नवऱ्याचं फौजदारी समन्स मात्र त्या संहितेप्रमाणे घेता येत नव्हतं. तिच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा कलम ६६ मधून 'पुरुष' गेला. दिवाणीत १९७७, फौजदारीत २०२४. कधी कायदा पुढं असतो आणि माणसं मागून येतात, कधी माणसं कधीच पुढं गेलेली असतात आणि कायदा धापा टाकत येतो. तू दोन्ही बघशील. म्हणून सांगतो, कलम पाठ असलं तरी मूळ शब्द दरवेळी पुन्हा वाच. गाईडमधला सारांश वाचून कोर्टात उभी राहू नकोस.

समन्सपेक्षा जप्तीचं काम कठीण. मन घट्ट करून जावं लागतं. कोर्टाच्या हुकूमनाम्याची वसुली करायची दरखास्त दाखल झालेली असते, धनकोचा, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याचा, माणूस बरोबर असतो, दोन पंच असतात आणि समोर एखाद्याचा उघडा संसार. एकदा चपला करणाऱ्या एका कारागिराच्या घरी गेलो होतो. रक्कम फार नव्हती, पण थकली होती. धनकोचा माणूस भराभरा बोटं दाखवत होता: ती भांडी लिहा, गादी लिहा, ती हत्यारं लिहा. कारागीर खोपटाच्या कोपऱ्यात बसून होता. त्याची रापी आणि आरी त्यानं मांडीखाली सरकवलेली मला दिसली. मी म्हटलं, "काढा वर ते." त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं मी ते घेणार. मी हत्यारं त्याच्यापुढं ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की दिवाणी संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. स्वयंपाकाची भांडी होत नाहीत, अंथरूण-पांघरूण होत नाही, अंगावरचे गरजेचे कपडे होत नाहीत. धर्मरिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना होत नाही, म्हणजे हिच्या गळ्यातल्या मण्यांकडे बघायचंसुद्धा नाही. हाच माणूस शेतकरी असता तर औत, पोटापुरती कमाई करायला लागणारी जनावरं आणि बियाणं यांनाही हात लावता आला नसता. धनकोचा माणूस चिडला, पण गप्प बसला. त्या दिवशी पंचनाम्यात एक रेडिओ आणि एक लाकडी कपाट एवढंच आलं.

घरी येऊन मी ते कलम पुन्हा वाचलं. ज्यानं कुणी ते लिहिलं, त्यानं एका गरीब घराच्या आत उभं राहून लिहिलंय असं मला वाटत राहिलं. देणं फेडायलाच हवं, पण उद्या सकाळी कामाला बसता येईल एवढं त्या माणसाकडं उरलंच पाहिजे. सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी बेलिफानं राहत्या घरात शिरायचं नाही, हे कलम ६२ मध्ये आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, हे कलम ५६ मध्ये. तुझ्या अशिलाला ही कलमं माहीत नसणारच. तुला असली पाहिजेत.

आणि हे आपोआप आलेलं नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून कर्जाची खतं जाळली, आणि लोण पुणे-नगर भागात पसरलं. त्यांनी मुख्यतः कागद जाळले हे लक्षात घे. ज्या कागदावर न वाचता अंगठे घेतले गेले, ज्याच्या जोरावर दिवाणी कोर्टातून एकतर्फी हुकूमनामे निघाले आणि बेलिफ दारात आला, तोच कागद. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला: पुणे, नगर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांत कोर्टानं खतावर काय लिहिलंय तेवढंच न बघता मुळात पैसे किती दिले, व्याज किती लावलं याचा हिशेब तपासायचा, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. त्या काळी माझ्या हुद्द्याचा माणूस गावात शिरला की लोक दारं लावून घेत असत. मी चर्मकाराच्या घरात कलम ६० सांगू शकलो, त्याच्यामागं सुप्याची ती आग आहे असं मी मानतो.

आपल्या कोल्हापूरचं तुला वेगळं सांगायला नको असं वाटेल, पण सांगतो. शाहू महाराजांचं नाव आपण इतक्यांदा घेतो की त्यांनी नेमकं काय लिहिलं ते वाचायचं राहून जातं. २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा बघ. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना, एवढंच आपल्या तोंडी असतं. त्याच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे: प्रत्येक खातेप्रमुखानं केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला पाठवावा. माझ्यासारख्या कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला त्या वाक्याची किंमत कळते. हुकूम काढणाऱ्याला माहीत होतं की कचेरीतली माणसं ऐकल्यासारखं करतील आणि जुन्याच चालीनं चालतील. म्हणून त्यानं हुकुमाच्या आतच राखणदार बसवला. १९१७ मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, तेव्हाही मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कोणताही नवा कायदा वाचताना तू पहिल्यांदा हे शोध: पाळला नाही तर कळणार कुणाला, आणि कळल्यावर तो काय करणार? याचं उत्तर कायद्यातच नसेल तर ते तुला अर्ज करकरून मिळवावं लागेल.

कायदा नेहमी भलाच असतो असं मात्र माझ्याकडून ऐकू नकोस. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गावच्या चावडीवर रोज हजेरी द्यावी लागे, गुन्हा केला नसला तरी. तीही कायद्याचीच रीत होती. करवीर संस्थानात, म्हणजे शाहू महाराजांच्या कोल्हापूर राज्यात, ती १९१८ मध्ये बंद झाली. इंग्रजांनी १८७१ पासून कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ ला रद्द झाला. एखाद्या कायद्यानं समोरचा माणूस लहान होतोय असं दिसलं तर 'कायदा आहे, काय करणार' म्हणून सोडून देऊ नकोस. कायदा माणसांनीच केलेला असतो आणि माणसांनीच मोडीत काढलेला असतो.

आणि एकदा कायदा झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. मुली देवाला सोडायची चाल बघ. करवीरमध्ये तिच्याविरुद्ध कायदा १९२० ला झाला. मुंबई इलाख्यात १९३४ ला झाला. महाराष्ट्रात २००५ ला पुन्हा नव्यानं करावा लागला. याच गोष्टीवर बोट ठेवून लोक तुला म्हणतील, बघ, तीन कायदे झाले तरी चाल गेली नाही. मी उलटं बघतो. १९२० च्या आधी एखाद्या पोरीच्या बाजूनं बोलणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. नंतर निदान चौकीत जाऊन पुढं ठेवायला एक कागद होता, आणि ज्यांनी तो ठेवला त्यांनीच पुढचा कायदा करायला लावला.

विधवांचंही तसंच. पुनर्विवाहाला इंग्रजी मुलखात १८५६ ला मान्यता मिळाली, करवीरमध्ये १९१७ ला कायदा झाला. पण नवऱ्याचं प्रेत दारात असताना बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची, याला कोणत्याच कलमानं हात घातला नव्हता. मी माझ्या चुलतबहिणीच्या वेळी हे पाहिलंय. ती एकतीस वर्षांची होती आणि मी बाहेर मान खाली घालून उभा होतो. मग ४ मे २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की आमच्या गावात हे बंद. कोरोनात तरणीताठी माणसं गेलेली, घराघरात कोवळ्या वयाच्या विधवा, ते दुःख अजून ताजं होतं. दोन आठवड्यांत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. बहुतेक वेळा कायदा मुंबई-दिल्लीहून खाली येतो. इथं तो आपल्या जिल्ह्यातल्या एका गावातून वर गेला. सवड काढून एकदा हेरवाडला जा आणि तिथल्या बायकांशी बोल.

आता मला लाज वाटते अशी एक गोष्ट. ती तू माझ्याकडूनच ऐकलेली बरी. एका जुलैत पंचगंगेला पूर होता, रस्त्यावर पाणी. पलीकडच्या गावातलं एक समन्स माझ्या पिशवीत. दोनदा जाऊन माणूस भेटला नव्हता. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही. अलीकडच्या स्टँडवर बसून लिहिलं: 'घर बंद, दारावर चिकटवले', आणि ओळखीच्या दोघांच्या सह्या घेतल्या. तो माणूस तारखेला आला नाही, येणार कसा? दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाली निघाला. दीड वर्षानं दरखास्तीची नोटीस घेऊन मीच त्याच्या दारात गेलो. तो म्हणाला, "साहेब, पयला कागद आलाच न्हाई." त्याच्या आवाजात राग नव्हता, आपल्यासारख्याचं असंच व्हायचं हे त्यानं धरून ठेवलं होतं. मी रात्रभर जागा राहिलो. दुसऱ्या दिवशी नाझरसाहेबांना खरं सांगितलं, कोर्टापुढं लेखी दिलं. हुकूमनामा रद्द झाला, दावा पुन्हा चालला. माझी पगारवाढ थांबली, ते योग्यच झालं. त्या माणसाची दोन वर्षं मात्र मी परत देऊ शकलो नाही. संहितेतला नियम चोख होता, न्यायाधीश प्रामाणिक होते, वकील चांगले होते. पाणी बघून मी मागं फिरलो, एवढ्यानं सगळं फुकट गेलं. कायदा कागदावरच असतो, हे तुझं म्हणणं खरंच आहे, पोरी. तो कुणीतरी नेऊन पोचवावा लागतो, आणि पोचवणाऱ्यांत आता तूही आलीस.

तुमच्या पिढीला एक गोष्ट सोपी झालीय. आम्ही पक्षकारांना कागदांची गाठोडी घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईच्या हायकोर्टात जाताना पाहायचो. एका तारखेसाठी दोन रात्री आणि आठवड्याची मजुरी जायची, तारीख पुढं गेली की पुन्हा तेच. वकिलांनी चाळीस वर्षांवर खंडपीठाची मागणी लावून धरली. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडं बसू लागलं, कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांसाठी, आणि तेही भाऊसिंगजी रोडवरच्या त्याच जुन्या इमारतीत जिथं मी शिपाई म्हणून लागलो. मी त्या दिवशी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो होतो. आत जायचं कारण नव्हतं.

आता मावशींचं काम. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं, ९ सप्टेंबरपासून, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. हे तुला येतंच. अडचण सहीची आहे. पण सही म्हणजे काम संपलं असं तुला ज्यानं सांगितलं, त्यानं मावशींना एक तरी प्रश्न विचारला का? तू विचार, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या भाच्याला बाहेर बसवून विचार. दुय्यम निबंधकाकडं जाताना त्यांना काय सांगितलं होतं? वारसनोंदीसाठी चाललोय, असं तर नाही? कागद कुणी वाचून दाखवला? मोबदला मिळाल्याचं त्यात लिहिलंय का, आणि हातात साडीचोळीपलीकडं काही पडलं का? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण कशावर सही केली हे त्यांना पहिल्यांदा कधी कळलं? फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून ती तारीख नीट काढ आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घे. घाई करू नकोस. अशा बायका भावाचं वाईट बोलायला सहज तयार होत नाहीत, त्यांना माहेर तुटायची भीती असते. त्या भीतीचा मान ठेव. दावा लावायचा की नाही हे शेवटी त्याच ठरवतील. तू फक्त त्यांचं काय आहे ते त्यांना पूर्ण कळेल असं बघ.

आणि तलाठी ऑफिसात जाऊन फेरफाराच्या नोटिशीची नक्कल माग. हक्कसोडपत्रावरून सातबारा बदलण्याआधी मावशींना नोटीस जायला हवी होती. ती बजावली असं त्यावर लिहिलेलं असेल. खाली सही किंवा अंगठा कुणाचा आहे ते बघ. सोमवारी मी घरीच आहे, नक्कल मिळाली की घेऊन ये.

तुझे
काका